परदेशातले घरमालक, इथला भाडेकरू आणि ३१.२ टक्क्यांचा घोळ

भाडं ठरलं चाळीस हजार, करारही रीतसर नोंदवला, आणि पहिल्याच महिन्यात खात्यात जमा झाले २७,५२० रुपये. बाणेर, ठाणे किंवा पर्वरीत फ्लॅट आणि मुक्काम न्यू जर्सी, दुबई किंवा मेलबर्नला, अशा घरमालकांचा सगळ्यांत नेहमीचा प्रश्न हाच असतो: उरलेले १२,४८० रुपये गेले कुठे? ते भाडेकरूने स्वतःकडे ठेवलेले नसतात. तुमच्या पॅनवर त्याने ते सरकारजमा केलेले असतात आणि तसं करणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

दुसरीकडे असेही घरमालक आहेत, ज्यांचा भाडेकरू एक रुपयाही कापत नाही. पूर्ण भाडं येतं म्हणून ते निर्धास्त असतात. त्यांचा भाडेकरू मात्र नकळत एका मोठ्या थकबाकीचा धनी होत असतो.

दोन्हीकडच्या गोंधळाचं मूळ एकच. टीडीएस म्हणजेच कर, असं धरून चाललं जातं. टीडीएस ही फक्त अंदाजे आणि बहुतेक वेळा फारच चढी अशी आगाऊ कपात आहे. खरा कर वर्षाच्या शेवटी वेगळ्या हिशोबाने ठरतो आणि मध्यम भाड्याच्या घरांवर तो अनेकदा शून्य असतो.

एक खुलासा आधीच करायला हवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. करसल्लागार आणि भाडेकरू मंडळींच्या तोंडी अजून १९६१च्या कायद्यातलेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत. प्रत्यक्ष अर्ज भरताना पोर्टलवरचा नवा क्रमांक पाहून घ्या. इथल्या हिशोबांत आर्थिक वर्ष २०२५-२६चे दर घेतले आहेत.

आधी तुमचा दर्जा ठरवा

आयकराच्या दृष्टीने पासपोर्टचा रंग महत्त्वाचा नाही, दिवसांची मोजणी महत्त्वाची. अमेरिकी नागरिकत्व घेऊन पुण्यात कायमचे परतलेले गृहस्थ करापुरते निवासी ठरतात, तर भारतीय पासपोर्टवर सिंगापुरात नोकरी करणारी त्यांची भाची अनिवासी ठरते.

परदेशी राहणारे भारतीय नागरिक आणि भारतीय वंशाच्या व्यक्ती यांच्यासाठी ढोबळ नियम असा: आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तुम्ही अनिवासी. मात्र भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते. आईवडिलांच्या आजारपणासाठी किंवा घरच्या कार्यासाठी वर्षातून तीन-चार खेपा करणाऱ्यांनी पासपोर्टवरचे शिक्के जरूर मोजावेत.

घर कोणाला घेता येतं, हा प्रश्न फेमा कायद्याचा आहे. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक भारतात राहतं घर किंवा दुकान-ऑफिस विकत घेऊ शकतात, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस नाही. गोव्याच्या प्रेमात पडलेल्या, मूळ भारतीय नसलेल्या परदेशी नागरिकाला परदेशात राहून तिथे बंगला विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने तो घेता येतो.

भाडेकरूने कापायचं किती?

घोळ सगळ्यांत जास्त इथे होतो, कारण निवासी घरमालकाचे नियम सर्वांच्या परिचयाचे असतात आणि तेच अनिवासी मालकाला लावले जातात.

* घरमालक निवासी असेल आणि भाडेकरू साधी व्यक्ती असेल, तर महिना ५० हजारांपर्यंतच्या भाड्यावर कपात नाही. त्यावरच्या भाड्यावर २ टक्के.
* घरमालक अनिवासी असेल, तर कलम १९५ लागतं. त्यात किमान मर्यादा नाही. आठ हजारांच्या भाड्यावरही कपात करावी लागते.
* दर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं, तर अधिभारही लागतो.
* परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर कपात नाही. ती भाड्यात वळती केली, तर मात्र आहे.

भाडेकरूला यासाठी टॅन क्रमांक काढावा लागतो. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. दर तिमाहीला २७क्यू हे विवरण द्यायचं आणि घरमालकाला १६ए प्रमाणपत्र द्यायचं. नोकरदार भाडेकरू हे ऐकून पळून जाईल, ही घरमालकांची भीती खोटी नाही. कंपनीने कर्मचाऱ्यासाठी घर घेतलं असेल, तर टॅनची अडचण नसते. तिथे चूक वेगळी होते. मालक परदेशी आहे हे हिशोब विभागाला ठाऊकच नसतं आणि नेहमीच्या सवयीने १० टक्के कापून फाइल बंद होते.

कपात केली नाही किंवा कमी केली, तर सरकार भाडेकरूला कसूरदार धरू शकतं. न कापलेल्या रकमेवर महिना १ टक्का व्याज, कापून न भरलेल्या रकमेवर महिना दीड टक्का, आणि विवरण उशिरा दिल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क. म्हणूनच ‘मी परदेशात असतो हे भाडेकरूला कशाला सांगायचं?’ हा शहाणपणा वाटला, तरी तो दुसऱ्याच्या खर्चाने केलेला आहे. अनिवासी असल्याचं करारातच लिहा.

खरा कर किती? दोन हिशोब

घरभाड्यावरचा कर पूर्ण भाड्यावर लागत नाही. आधी त्या वर्षात तुम्ही प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी एकही पावती लागत नाही. गृहकर्ज असेल तर त्याचं व्याजही वजा होतं.

पहिला हिशोब बाणेरच्या, चाळीस हजार भाड्याच्या फ्लॅटचा. वर्षाचं भाडं ४,८०,०००. घरपट्टी २०,००० धरू. (पुणे महापालिका स्वतःच्या वापरातल्या घराला देते ती ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, तेव्हा बिल जरा फुगलेलंच असतं.) उरले ४,६०,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे १,३८,००० वजा. करपात्र उत्पन्न ३,२२,०००. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि ही सूट अनिवासींनाही आहे. भारतात दुसरं उत्पन्न नसेल, तर कर शून्य. वर्षभरात कापले गेले मात्र १,४९,७६० रुपये. ते सगळे परत मिळतात, पण मागितले तरच.

दुसरा हिशोब अंधेरीच्या, लाखभर भाड्याच्या फ्लॅटचा. वार्षिक भाडं १२ लाख, घरपट्टी ३०,०००, सरसकट वजावट ३,५१,०००, करपात्र उत्पन्न ८,१९,०००. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, वरच्या १९,००० वर १० टक्क्यांनी १,९००, आणि उपकर धरून एकूण २२,७७६ रुपये. कपात झाली ३,७४,४०० रुपयांची. परतावा ३,५१,६२४ रुपये.

हा दुसरा हिशोब वाचून कुणी म्हणेल, ‘अहो, बारा लाखांपर्यंत तर कर माफ आहे ना?’ ती माफी कलम ८७एच्या सवलतीतून येते आणि ती फक्त निवासी व्यक्तींना आहे. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी वाढीव करमुक्त मर्यादाही तशीच, निवासींपुरती. टोरांटोत राहणाऱ्या ८२ वर्षांच्या आजोबांना जुन्या प्रणालीत अडीच लाखांचीच मर्यादा लागते. आगाऊ करातून ज्येष्ठांना असलेली सूटही त्यांना मिळत नाही.

सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, दलाली, प्लंबिंग यांची वेगळी वजावट मागू नका. ते सगळं त्या ३० टक्क्यांत धरलेलं आहे. नव्या प्रणालीत भाड्याच्या घरावरच्या कर्जाचं व्याज वजा होतं, पण त्यातून तोटा निघाला तर तो एफडीच्या व्याजासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत वळता होतो. घर परदेशी बँकेच्या कर्जावर घेतलं असेल, तर आणखी एक खाच आहे: परदेशात भरलेल्या व्याजावर भारतीय नियमांप्रमाणे कर कापलेला नसेल, तर ती वजावट नाकारली जाऊ शकते.

कपातच कमी करून घ्या

वर्षभर दीड लाख अडकवून नंतर परतावा मागत बसण्यापेक्षा चांगली वाट आहे आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक ती वापरतात. कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र. कलम १९७खाली घरमालकाने फॉर्म १३ ऑनलाइन भरायचा. त्यात वर्षाचं अंदाजे उत्पन्न, अपेक्षित कर, आधीच्या वर्षांची विवरणपत्रं आणि भाडेकराराची प्रत द्यायची. अधिकाऱ्याचं समाधान झालं, तर तो कमी दर ठरवून देतो, अगदी शून्यही. मग भाडेकरू त्याच दराने कापतो.

* भाडेकरूचा टॅन आधी तयार हवा, कारण प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख असतो. भाडेकरू बदलला की पुन्हा अर्ज.
* ते ठरावीक आर्थिक वर्षापुरतं असतं. दर वर्षी नव्याने मागावं लागतं.
* मागची विवरणपत्रं भरलेली नसतील, तर अर्ज अडकतो.

अर्जाच्या कामासाठी सनदी लेखापालाला द्यावे लागणारे पैसे आणि अडकलेल्या रकमेचा फायदा यांची तुलना तुम्हीच करा. महिना १५ हजार भाडं असेल, तर विवरणपत्र भरून परतावा घेणं सोपं. ऐंशी हजार असेल, तर प्रमाणपत्राशिवाय राहू नये.

घर दोघांचं असेल तर

वडिलांच्या पश्चात दादरचा फ्लॅट भाऊ-बहिणीच्या नावे झाला, भाऊ मुंबईत आणि बहीण बॉस्टनला. भाडं महिना ८० हजार. हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकाच्या हिश्श्याचं उत्पन्न वेगळं मोजलं जातं. भावाचे ४० हजार मर्यादेत बसतात, कपात नाही. बहिणीच्या ४० हजारांवर ३१.२ टक्के. सगळं भाडं भावाच्या खात्यात घेऊन ‘घरातल्या घरात’ वाटून टाकण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्यामुळे बहिणीचं उत्पन्न भावाचं होत नाही. कराराला दोघांची नावं, हिस्से आणि खाती लिहा.

पत्नीचं नाव केवळ सोयीसाठी लावलेलं असेल आणि सगळे पैसे पतीचे असतील, तर भाडं अर्धं-अर्धं दाखवता येत नाही.

गोव्यात मात्र उलटं चित्र आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या पती-पत्नींचं घरभाडं आयकर कायद्याच्या कलम ५एनुसार दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं, घर एकाच्याच नावावर असलं तरी. मडगावच्या घराचं भाडं लिस्बन किंवा लंडनमधल्या पतीने एकट्याने दाखवलं, तर विवरणपत्रच चुकतं. दोघांच्या विवरणपत्रांत त्यासाठीचं परिशिष्ट भरावं लागतं. पगाराला हा नियम लागू नाही.

करारनामा, कुलमुखत्यार आणि सोसायटी

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अधिक अनामत रकमेवर धरलेल्या १० टक्के व्याजाचा हिशोब.

नोंदणी आता बहुतेक ठिकाणी घरबसल्या आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. आधार नसलेल्या परदेशस्थाची इथे अडचण होते. त्यावर उपाय कुलमुखत्यारपत्राचा. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या किंवा तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल घ्या. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. अधिकार फक्त भाड्याच्या कामापुरते द्या. विक्रीचे अधिकार त्याच कागदात घालण्याची घाई करू नका.

नोंदणीकृत करार हा तुमचा खरा आधार आहे. मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. घरमालक परदेशी आहे म्हणून जास्त आकारलं जात असेल, तर लेखी हरकत घ्या.

पैसे परदेशी नेताना

अनिवासी झाल्यावर जुनं बचत खातं तसंच चालवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं. भाडं तिथे जमा होऊ द्या. एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलर नेण्याची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण भाडं हे चालू उत्पन्न असल्याने त्यावरचा कर भरल्यावर ते त्या मर्यादेबाहेर नेता येतं. बँक १५सीए आणि रकमेनुसार सनदी लेखापालाचं १५सीबी प्रमाणपत्र मागते. घर विकून आलेली रक्कम आणि भाडं यांची नोंद वेगळी ठेवलीत, तर बँकेतला बराच वाद वाचतो.

राहत्या देशातला कर

दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे म्हणून भारतात कर नाही, असं समजू नका. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती यांच्याशी असलेल्या करारांत स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर कर लावण्याचा हक्क मालमत्ता असलेल्या देशाला दिलेला आहे. तुमचा राहता देशही जगभरच्या उत्पन्नावर कर लावत असेल, तर भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मिळते. दुबईत वैयक्तिक आयकरच नाही, तेव्हा तिथे हा प्रश्न उरत नाही.

अमेरिकेतल्या मंडळींकडून एक चूक वारंवार होते. भारतात कापले गेलेले १,४९,७६० रुपये ती फॉर्म १११६वर परदेशी कर म्हणून दाखवतात आणि दुसरीकडे भारतातून तीच रक्कम परतही मागतात. वजावट मिळते ती अंतिम कराची, परत मिळणाऱ्या टीडीएसची नाही. बाणेरच्या आपल्या उदाहरणात ती शून्य आहे, म्हणजे अमेरिकेत पूर्ण कर लागेल. मात्र तिथे घराच्या किमतीवर घसारा मिळतो, जो भारतात मिळत नाही. भारतातली खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर हा परदेशी खात्यांचा अहवालही भरावा लागतो.

परतावा मिळवताना

* अनिवासींना आयटीआर-१ चालत नाही. भाड्यासाठी आयटीआर-२ भरा.
* वर्षात टीडीएस २५ हजार किंवा जास्त असेल, तर उत्पन्न करमुक्त मर्यादेत असलं तरी विवरणपत्र बंधनकारक आहे.
* २६एएस या करकपातीच्या नोंदपत्रकात कपात दिसते का, हे दर तिमाहीला पाहा. भाडेकरूने पैसे कापले पण तुमच्या पॅनवर भरलेच नाहीत, तर परतावा अडतो. तीन-चार वर्षांनी त्याला शोधत बसण्यापेक्षा तीन महिन्यांत फोन करणं बरं.
* आधार जोडलेलं नाही म्हणून पॅन निष्क्रिय झालं असेल, तर पोर्टलवर अनिवासी दर्जा नोंदवून ते आधी सुरू करून घ्या. निष्क्रिय पॅनवर परतावा निघत नाही.
* ३१ जुलैची मुदत हुकली, तरी ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येतं.
* तीही गेली, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या परताव्यासाठी तो विचारात घेतला जातो. जुने टीडीएस विसरलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

कमी कपातीचं प्रमाणपत्र मात्र ज्या दिवशी मिळतं त्या दिवसापासूनच लागू होतं. आधीच्या महिन्यांत कापलेले पैसे त्यातून परत येत नाहीत. तेव्हा त्याचा अर्ज वर्ष अर्धं सरण्याची वाट न पाहता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच करा.